खोळंब्याचा रकाना

सुहास,

तुझ्या शोकसभेला मी तिसऱ्या रांगेत बसले होते. पॉलिटेक्निकचा हॉल भरला होता. तू तिथे आठवड्यातून दोन दिवस शिकवायला जातोस हे मला ठाऊक होतं. मुलांना तू इतका आवडतोस हे ठाऊक नव्हतं. एक मुलगी माइकपाशी गेली. म्हणाली, "सर अवघड गोष्ट अशी सांगायचे की विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही. प्रोसेसर रिकामा कधी आणि खोळंबलेला कधी, हे त्यांनी आम्हांला मिरकरवाडा बंदरातल्या बर्फावरून शिकवलं." मग तिनं ते उदाहरण पहिल्यापासून सांगितलं. पाटीवाल्या बायका, बर्फाची गाडी, मुकादमाची वही. एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता.

माझ्या शेजारच्या बाईंनी डोळे पुसले. मी मांडीवरची पर्स घट्ट धरून बसले. ते उदाहरण माझं होतं. जेटीवर उभं राहून मी ते तुला सांगितलं होतं, आणि तू मला हसला होतास.

सभा संपल्यावर मीनल माझ्याकडे आली. तुझी बायको इतकी शांत कशी राहू शकते हे मला कधी कळलं नाही, त्या दिवशीही कळलं नाही. "शुभाताई," ती म्हणाली, "कॉलेज स्मरणिका काढतंय. तुम्ही लिहा ना. यांना सगळ्यांत आधीपासून तुम्ही ओळखता." मी हो म्हटलं. आता लिहायला बसले तर पहिल्याच ओळीला कळलं की हे छापण्यासारखं नाही. स्मरणिकेला मी वेगळं काहीतरी देईन, दोन पानी, सगळ्यांना चालेल असं. हे तुला.

आधी देणं लागते ते सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळी. इंजिनीअरिंगला आपल्या वर्गात तू मंडणगडच्या बाजूच्या एका वाडीतून आलेला. वडील मुंबईत वॉचमन, घरी आई आणि दोन म्हशी. मी इथलीच, शाळेतल्या क्लार्कची मुलगी. लॅबमध्ये लिनक्स चालणारं मशीन एकच होतं आणि तू रोज सर्वांच्या आधी येऊन ते अडवून बसायचास. एक दिवस मी मागे उभी राहून बघत होते तर तू उठलास. "बस," म्हणालास. "मी रोज बघतो. तू बघ आता." प्रोग्रॅम झोपतो म्हणजे काय, हे मी त्या खुर्चीत बसून तुझ्याकडून शिकले. प्रोग्रॅम डिस्ककडे काही मागतो, ते येईपर्यंत त्याला करण्यासारखं काही नसतं, म्हणून पाळ्या लावणारा शेड्युलर त्याला बाजूला निजवतो आणि प्रोसेसर दुसऱ्याला देतो. "झोपला म्हणजे मेला नाही," तू म्हणाला होतास. "त्याचं सामान आलं की त्याला उठवतात."

दुसरं माझ्या आईचं. तू जेवायला यायचास तेव्हा आई तुझ्या ताटातल्या माशाचे काटे काढून द्यायची. "आमचा डोंगरातला," म्हणायची, "याला बांगडासुद्धा खाता येत नाही." तिला झटका आला तेव्हा आमच्या घराच्या पाखाडीवरून रिक्षा वर येईना. तू तिला पाठीवर घेऊन साठ-सत्तर पायऱ्या उतरलास. ती त्यानंतर सहा वर्षं जगली. हे मी विसरलेले नाही. माझा राग या सगळ्याच्या जोडीनं राहतो, दोघांनाही एकाच घरात जागा आहे.

मारुती मंदिरापाशी आपण दोन खुर्च्या मावतील एवढी जागा घेतली आणि काम सुरू केलं. दहा वर्षं बरं चाललं. मग मिरकरवाड्याच्या मच्छीमार संस्थेचं काम तू आणलंस. बोट समुद्रात निघाली की तिचं नाव, बोट चालवणारा तांडेल कोण, खलाशी किती, फोन कुठला, वायरलेस चालू की बंद, हे सगळं संस्थेच्या ऑफिसात नोंदवायचं. परत आली की खूण करायची. एक बटण दाबलं की समुद्रात कोण कोण आहे त्याची यादी पडद्यावर. प्रोग्रॅम मी लिहिला, मशीन तू सांभाळायचं. संस्थेचे मॅनेजर मयेकरभाऊ आधी घाबरले, मग इतके खूश झाले की त्यांनी जुनी वहीच बंद करून टाकली. "कशाला डबल काम," हे तूच त्यांना म्हणाला होतास.

दोन वर्षांनी जेटीवर कॅमेरे बसले. त्यांचं चित्रण तू त्याच मशीनवर, त्याच डिस्कवर घेतलंस. जागा कमी पडू नये म्हणून ते चित्रण दिवसभर दाबून लहान करणारं एक काम तू मागे लावून दिलंस, आणि त्याला सगळ्यांत खालचा क्रम दिलास. बाकी कोणाला प्रोसेसर नको असेल तेव्हाच ते चालायचं. कोणाच्या वाटेत यायचं नाही, फक्त उरलेला वेळ खायचं. मी तेव्हा म्हटलं होतं, "छान केलंस." तेही मागे घेत नाही.

पुढच्या पावसाळ्यानंतर यादी उशिरा यायला लागली. मयेकरभाऊ बटण दाबून चहाला जायचे आणि परत येऊन बघायचे तरी पडदा कोरा. तू मला म्हणालास, "तुझा प्रोग्रॅम बघ." मी म्हटलं, "तू डिस्क बघ." तू मशीनचे आकडे काढलेस आणि बोट ठेवून दाखवलंस. डिस्कसाठी खोळंबा, शून्य. कधी एक टक्का. "डिस्कला काही झालेलं नाही. हा काय आकडा."

यावर मी जे बोलायला सुरुवात केली होती ते वाक्य तू मला एकदाही पुरं करू दिलं नाहीस. आता तू मध्ये बोलू शकत नाहीस, तर पुरं करते.

प्रोसेसरचा प्रत्येक क्षण कुठल्या ना कुठल्या रकान्यात जमा होतो. कोणाचं काम चालू असलं तर कामाच्या रकान्यात. काहीच चालू नसलं तर रिकाम्या रकान्यात. आणि रिकाम्याचाच एक पोटरकाना आहे: प्रोसेसर रिकामा आहे, पण कोणीतरी डिस्ककडे काही मागून झोपलेलं आहे. तो खोळंब्याचा रकाना. नावावरून वाटतं की डिस्कपायी किती वेळ गेला ते तो सांगतो. तसं नाही. तो रिकामाच वेळ मोजतो, कोणीतरी वाट बघत असतानाचा. त्या वेळात प्रोसेसरच्या हाती दुसरं कुठलंही काम दिलं की तोच वेळ कामात जमा होतो आणि खोळंबा शून्यावर येतो. वाट बघणारा मात्र होता तिथेच, तेवढाच वेळ, झोपलेला. तुझं ते कॅमेऱ्यांचं काम उरलेला वेळ खात होतं ना? उरलेला सगळा वेळ ते खात होतं. म्हणून तुझा आकडा शून्य होता. डिस्क मरत होती आणि तुझ्याच हुशारीनं तिचं मरण झाकलं होतं.

मशीनवर भार किती ते सांगणारा लोडचा आकडा वीसच्या वर गेला होता, त्यावरही आपलं वाजलं. तू म्हणालास, एवढे प्रोग्रॅम प्रोसेसरसाठी रांगेत उभे आहेत, म्हणजे तुझा प्रोग्रॅम पिल्लं घालतोय. मी म्हटलं, लिनक्सच्या त्या आकड्यात प्रोसेसर मागणारेही येतात आणि डिस्कवर अडकून झोपलेलेही. रांग प्रोसेसरची आहे हे कशावरून? तू म्हणालास, "पुस्तकी बोलू नकोस."

म्हणून मी करून दाखवायचं ठरवलं. मयेकरभाऊंच्या टेबलाशी, तुझ्यासमोर, मी ते चित्रण दाबणारं काम थांबवलं. दोन मिनिटांत खोळंब्याचा रकाना साठच्या वर चढला. मी पडदा तुमच्याकडे वळवला. मला वाटलं, झालं.

तू भाऊंकडे बघून म्हणालास, "बघा भाऊ, हिचं म्हणणं असं आहे. मशीनचं काम कमी केलं की मशीन जास्त अडकतं."

भाऊ हसले. त्यांचा काही दोष नव्हता, तू वाक्यच तसं टाकलंस.

"जास्त अडकत नाही, अडकलेलं दिसतं," मी म्हटलं. "आधीही तेवढंच..."

"शुभा, आपण नंतर बोलू."

नंतर म्हणजे तासाभरानं जेटीवर. लिलाव संपत आला होता. मी तुला थांबवलं आणि समोर दाखवलं. पाच पाटीवाल्या बसल्या आहेत, मासळी भरलेली आहे, बर्फाची गाडी आलेली नाही. मुकादम वहीत काय लिहील? बर्फासाठी खोळंबा, पाच बायका. आता तोच मुकादम त्यांना म्हणाला, बसून काय राहता, तोवर ती जाळी उचलून पलीकडे ठेवा. त्या उठल्या. वहीत आता पाचही कामावर, खोळंबा शून्य. बर्फ आला का? नाही. मासळी टिकली का? नाही. तू वहीतला शून्य बघून म्हणतोयस की बर्फाची गाडी वेळेवर आहे.

 त्या बायकांकडे बघत राहिलास. मग हसलास. "लहान मुलांना शिकवायला बरं आहे," म्हणालास, आणि गाडीला किक मारलीस.

तुझा चेहरा मला वीस वर्षं पाठ होता, सुहास. तुला कळलं होतं. त्या क्षणी कळलं होतं. तुला कळलं नसतं तर मी हे सगळं केव्हाच सोडून दिलं असतं; न कळणं हा गुन्हा नाही. पण तासाभरापूर्वी तू भाऊंना हसवलं होतंस, आणि आता परत वर जाऊन "हिचं बरोबर आहे" म्हणायला तुला जड गेलं. संस्थेच्या ऑफिसच्या त्या पंधरा पायऱ्या तुला चढवल्या नाहीत. माझ्या आईला घेऊन तू साठ उतरला होतास.

पुढच्या आठवड्यात तू मला म्हणालास, "थोडे दिवस संस्थेत येऊ नकोस. प्रोग्रॅमचं मी बघतो. भाऊंना तुझी बोलण्याची पद्धत जरा..." वाक्य अर्धं सोडायची तुला सवय होती, समोरच्यानं ते स्वतःच्या हातानं पुरं करावं म्हणून. मी ऑफिसची किल्ली टेबलावर ठेवली. माझं लॉगिन तू बंद केलं नाहीस. विसरलास की ठेवलंस, मला माहीत नाही.

आता ते, जे मी तुझ्याशी कधी बोलले नाही.

त्या मंगळवारी दुपारी जेवण झाल्यावर मी घरून संस्थेच्या मशीनवर गेले. मला फक्त बघायचं होतं. डिस्कच्या नोंदी उघडल्या तर ओळीवर ओळ चुका. वाचता न आलेले भाग, पुन्हा प्रयत्न, पुन्हा चूक. तिचे दिवस भरले होते हे कोणालाही दिसलं असतं. मी फोन घेतला आणि तुला लिहिलं: डिस्क जाते आहे, आजच्या आज बदल, तोवर कॅमेरे बंद ठेव. वाचून बघितलं. बरोबर होतं. मग मी ते पुसलं.

चुकून पुसलं नाही. तू तोंडावर आपटावंस आणि भाऊंच्या समोर आपटावंस, एवढंच मला हवं होतं. बोटींचा विचार मनात आला नाही असं लिहायला मला आवडलं असतं. आला होता. ऑक्टोबर आहे, समुद्र शांत आहे, काय होणार आहे, असं म्हणून मी तो बाजूला सारला आणि भांडी घासायला घेतली.

शुक्रवारी दुपारी वादळाचा इशारा आला. भाऊंनी यादीचं बटण दाबलं. पडदा कोरा. तुला बोलावलं. तू अडकलेला प्रोग्रॅम मारायला बघितलास, तो मरेना. डिस्कवर असा अडकलेला प्रोग्रॅम डिस्कनं उत्तर दिल्याशिवाय मारता येत नाही, कितीही जबर हुकूम दिला तरी. हे तूच मला लॅबमध्ये शिकवलं होतंस. तरी तू पाच वेळा हुकूम दिलास, असं भाऊ सांगतात. मग वायर उपटलीस. मशीन पुन्हा सुरू केलंस तर डिस्क उठलीच नाही. रविवारी काढून ठेवलेली नोंदींची प्रत होती. पण शुक्रवारी समुद्रात कोण आहे हे रविवारच्या प्रतीला काय माहीत.

वही नव्हती. मग जेटीवर उभं राहून लोकांना विचारत यादी केली. ज्यानं त्यानं आपापल्या बोटीचं नाव सांगितलं, वायरलेसवरून, फोनवरून निरोप गेले, बोटी परत फिरल्या. एक राहिली. ती त्याच हंगामात इथे लागली होती. मालक बुरोंडीला, सहा माणसं बुरोंडीची, जेटीवर तिचं नाव घेणारं कोणी नव्हतं. तिचा वायरलेस बिघडलेला आहे आणि तांडेलाचा फोन अमुक, हे माझ्या प्रोग्रॅममध्ये नोंदलेलं होतं. कागदावर ती बोटच नव्हती. वारा सुटला तेव्हा ते जाळं ओढत होते. दोराच्या फासात हरिश्चंद्र नावाच्या खलाशाचा पाय सापडला आणि दोर ओढणाऱ्या विंचवर चिरडला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते जयगडच्या खाडीत शिरले, तोवर तो तसाच पडून होता. पाय गुडघ्याखाली काढावा लागला. आधी आणला असता तर पाय कदाचित वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले. कदाचित हा त्यांचा शब्द. मी तो कधी माझ्यासाठी वापरला नाही.

आठ दिवसांनी संस्थेच्या वरच्या खोलीत चौकशी होती. मी त्या नोंदींबद्दल, त्या रकान्याबद्दल सगळं कागदावर काढून आणलं होतं. जिन्यात तू भेटलास. दाढी वाढलेली, डोळे लाल. मला वाटलं तू काहीतरी चांगलं बोलशील. तू हळू आवाजात म्हणालास, "मंगळवारी दुपारी तू आत होतीस. बुधवारी मी लॉगिनची यादी बघितली होती."

एवढंच. आणि वर गेलास.

वर तू आधी बोललास. "यादी अडकत होती. प्रोग्रॅममध्ये दोष होता, तो दुरुस्त करायला आम्ही घेतला होता." अहवालात तेच आलं. प्रोग्रॅममधला दोष, आणि प्रोग्रॅम कोणाचा तर माझा. भाऊंनी मला विचारलं, "शुभाताई, तुम्हांला काही सांगायचंय?" माझ्या हातात कागद होते. मी म्हटलं, "नाही."

चार वर्षं मी तुझ्या त्या वाक्याचा अर्थ लावते आहे. ती धमकी होती, असं पहिलं वर्षभर धरून चालले. मग लक्षात आलं, तू ते कोणालाच सांगितलं नाहीस. भाऊंना नाही, मीनललाही नाही. म्हणजे तू मला झाकलंस? की मी तुला झाकावं म्हणून झाकलंस? विचारायला मी आले नाही, सांगायला तू आला नाहीस. पण एक प्रश्न मला तुझ्या तोंडावर फेकायचा होता आणि तो तसाच राहिला. बुधवारी तुला कळलं की जिला तू बाहेर काढलंस ती आत येऊन काहीतरी बघून गेली. ती काय बघायला आली होती, हे तुला बघावंसं वाटलं नाही? एक फाइल उघडायची होती, सुहास. दोन दिवस होते. तू माझ्या फोनची वाट बघत बसलास का? ती येईल, आधी बोलेल, मग मी बघेन, असं? तर मग आपण दोघं सारखेच नीच होतो, आणि तुझ्याजवळ वर मान करून शिकवायला जाण्याचं धैर्य माझ्यापेक्षा जास्त होतं, इतकाच फरक.

आपलं दुकान बंद झालं. मी एका कारखान्याची आणि एका दवाखान्याची मशीनं सांभाळते. त्यानंतर तू एकदाच भेटलास, मासळी बाजारात, मीनलबरोबर. तुझ्या हातात पापलेट होतं. काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलंस, "यात काटे कमी असतात ना?" मी म्हटलं, "हो." वीस वर्षांच्या ओळखीचं शेवटचं बोलणं हे.

गावी गेला होतास, सकाळी कुंपण नीट करता करता छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं, असं मीनलनं फोनवर सांगितलं. पहिल्यांदा मला काय वाटलं ते लिहिते, कारण हे वाचणारं कोणी नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. तो मंगळवार माहीत असलेला एकुलता एक माणूस गेला होता. हे वाटलं आणि मी फोन हातात धरून ओट्याशी उभी राहिले, आणि मला माझी शिसारी आली. मग रडू आलं. ते तुझ्यासाठी होतं की माझ्यासाठी, हे मला सांगता येत नाही.

तेरावा झाल्यावर मी बुरोंडीला गेले. दापोलीपर्यंत एसटी, पुढे दुसरी गाडी. खरं सांगायचं तर मी तुझी तक्रार करायला गेले होते. तू गेलास, आता खरं सांगायला हरकत नाही, असं मी स्वतःला समजावलं होतं.

हरिश्चंद्रकाका अंगणात जाळं विणत बसले होते. साठीचे असतील. आखूड राहिलेला पाय त्यांनी पाटावर ठेवला होता. मी कोण ते सांगितलं. "सुहास वारला," म्हटलं.

"कोन सुहास?"

त्यांना तू माहीतच नव्हतास. मीही नव्हते. आपली बोट यादीत का नव्हती, हे चार वर्षांत त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मशीन बंद पडला, इतकंच त्यांच्या कानावर होतं. मग मी सगळं सांगितलं, तुझा शून्य, माझा रकाना, भाऊंचं हसणं. बर्फाचंही सांगितलं. ते मान न उचलता म्हणाले, "बरोबर हाय. बर्फ नाय आला तर बायांना खयच्या का कामाला लावा, म्हावरा नासतोच." तुला जे मान्य करायला चार वर्षं आणि एक वर्गखोली लागली ते त्यांनी सुई न थांबवता मान्य केलं. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं, आणि तिथेच मी थांबायला हवं होतं, किंवा तिथेच खरी सुरुवात करायला हवी होती.

त्यांनीच विचारलं. "ता मशीन जानार ता तुला कधी कळला?"

"मंगळवारी."

"नि आमी अडकलो शुक्रवारी."

"हो."

"मंग त्याला फोन का नाय केलास?"

घरातून त्यांची बायको चहा घेऊन येत होती, ती दारातच थांबली. मी म्हटलं, "तो तोंडावर पडावा म्हणून."

सुई थांबली. काकांनी जाळं मांडीवरून बाजूला ठेवलं.

"तो मेला," ते म्हणाले. "त्याला आता मी काय बोलनार. तू हायस ना समोर. आयक."

आणि ते बोलले. आवाज चढवला नाही. रात्रभर बोटीत पाच माणसं त्यांचं ओरडणं ऐकत कशी बसली होती, ते सांगितलं. दगडावर बसून अंघोळ करताना अजून तोल जातो, ते सांगितलं. बायको एकटी पाटी घेऊन दारोदार फिरते आणि परत येते तेव्हा हे तिच्याकडे बघत नाहीत, ते सांगितलं. चाळीस वर्षं समुद्रावर गेलेला माणूस आता किनाऱ्यावरसुद्धा जात नाही, कारण वाळूत कुबडी रुतते. मध्येच म्हणाले, "तुमी शिकलेली मान्सं. तुमचा भांडान तुमी घरात करायचा व्हता." एका जागी त्यांना शब्द सुचेना, तेव्हा त्यांच्या बायकोनं तो दिला. चहा तसाच निवला.  सगळं झाल्यावर ते म्हणाले, "ह्या सगळा संस्थेला लिहून दे. दोघांचा नाव घाल." मी दिलं आहे. दोन्ही नावं आहेत, तुझं आधी; वर्णानुक्रमानं नाही, माझ्या मनानं.

त्या अंगणात बसून मी जे ऐकलं त्यातलं निम्मं तुझं होतं, सुहास. तू माझ्या शेजारी, त्याच सारवलेल्या जमिनीवर, मान खाली घालून बसायला हवं होतंस. तू नव्हतास, म्हणून तुझ्या वाटणीचंही मी ऐकून घेतलं. बाकीचं सगळं मी तुला एक दिवस माफ करीन. हे नाही.